परसातली अडगळीची खोली, मोडत्या छपराची

आमच्या कोथरूडच्या जुन्या घराच्या परसात जांभळाखाली वर्षानुवर्षं एक ढीग साठत गेला होता. दोन सायकली, रिकाम्या कुंड्या, पाइपाचं वेटोळं, गणपतीचं मखर, दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांचा खोका आणि 'कधीतरी लागतील' म्हणून जपलेल्या फरश्या. दर जूनमध्ये त्यावर ताडपत्री पडायची आणि दर सप्टेंबरात तिच्याखाली बुरशी निघायची. शेवटी सहा फूट बाय आठ फुटांची खोली स्वतः बांधली. हातोडी नीट धरता येते, पण सुतारकाम कधी केलेलं नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय.

छपरासाठी मी गॅम्ब्रेल हा प्रकार निवडला. आपल्याकडच्या दुपाखी छपराला आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच सरळ उतार असतो. गॅम्ब्रेलमध्ये प्रत्येक पाख मध्येच मोडतं: वरचा भाग बेताच्या उताराचा, खालचा जवळजवळ भिंतीसारखा उभा. अमेरिकेतल्या गोठ्यांची चित्रं पाहिली असतील तर हेच ते छप्पर. तिथे वरच्या माळ्यावर गवत भरायला ते सोयीचं पडायचं. नावसुद्धा घोड्याच्या मागच्या पायाच्या वाकड्या सांध्यावरून आलेलं आहे.

हौसेपलीकडचं कारण हिशोबाचं आहे. खोली सहा फूट रुंद आणि छप्पर तीन फूट उंच धरा. साध्या दुपाखी छपराखाली समोरून दिसणारा त्रिकोण ९ चौरस फुटांचा भरतो. तेवढ्याच उंचीच्या गॅम्ब्रेलखाली पावणेतेरा चौरस फूट मिळतात. त्यासाठी पत्रा किती जास्त लागतो? एका बाजूला जेमतेम चार इंच. माळ्यापासून दोन फूट वर दुपाखी छपरात अवघी दोन फूट रुंदी उरते, इथे सव्वाचार फूट. आमचं मखर तिथे आडवं मावतं, माझा प्रश्न तिथेच सुटला.

परवानगी आणि जागा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण आधी उरकून घ्या. बंगल्याभोवती सोडलेली मोकळी जागा आपलीच असली तरी तिथे काय बांधता येतं याला नियम आहेत. राज्यभरासाठी २०२० साली आलेल्या एकत्रित नियमावलीत ते दिलेले आहेत. महापालिकेच्या हद्दीत असाल तर बांधकाम विभागात, बाहेर असाल तर पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा ग्रामपंचायतीत आधी विचारा. सोसायटी असेल तर तिचं पत्र घ्या. 'नटबोल्टचं तर आहे, कधीही काढू' हे उत्तर नोटीस आल्यावर कामाला येत नाही.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. छपराची पागोळी शेजाऱ्याच्या अंगणात पडता कामा नये. आणि आपला पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून दार शक्यतो पूर्वेला ठेवा.

काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत छप्पर चढवा. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात अर्धवट ठोकलेला पत्रा म्हणजे उडती तलवार.

जोतं

पुण्यात एका गल्लीत कुदळ खणकन मुरमावर आपटते आणि पुढच्या गल्लीत काळ्या मातीत रुतते. मुरूम लागला तर नशीब. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचं सगळं हलवते. ती किमान फूटभर काढून टाका. खड्ड्यात मुरूम थराथराने भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करा. जमिनीपासून सहा इंच वर येईल असं बघा.

आखणीसाठी चार खुंट्या आणि दोरी. इथे ६ बाय ८ या मापाचा एक फायदा आहे: कोपरे काटकोनात असतील तर कर्ण बरोबर दहा फूट भरतो. दोन्ही कर्ण दहा फूट आले की आखणी गुण्यात आहे. एक जरी इंचभर चुकला तरी पुढे जाऊ नका, कारण तोच इंच छपरावर जाऊन दामदुपटीने वसूल होतो. समपातळीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही खुंट्यांवर खुणा करा.

वर चार इंच काँक्रीट. एक भाग सिमेंट, दोन क्रश सँड, चार खडी. या मापाला तीन गोणी सिमेंट पुरतं. पृष्ठभागावर लाकडी थापी फिरवली की झालं, चकाचक घोटायची गरज नाही. गोणपाट अंथरून सात दिवस ओलं ठेवा.

जोतं भिंतीपेक्षा मोठं करायचा मोह होतो, बसायला कट्टा होईल म्हणून. करू नका. बाहेर आलेल्या कट्ट्यावर पाणी साचतं आणि भिंतीखाली शिरतं. जोतं बरोबर सहा बाय आठ ठेवा आणि भिंतीचा पत्रा त्याच्या कडेवरून इंचभर खाली उतरू द्या, म्हणजे पाणी थेट जमिनीवर गळतं.

लाकूड आणि बाकीचं सामान

वेल्डिंग येत असेल तर लोखंडी चौकोनी पाइप उत्तम, वाळवीची कटकट नाही. नवशिक्याला मात्र लाकूडच सांगेन, कारण लाकडातली चूक स्क्रू काढून सुधारता येते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पाइनवूड २ बाय ३ इंचांत कापून मिळतं. भिंती, कैच्या (छपराला आधार देणारे लाकडी सांगाडे) आणि आडवी लाकडं मिळून सुमारे दहा घनफूट लागेल, रिपा, म्हणजे पत्रा ठोकायच्या पट्ट्या, वेगळ्या. प्रत्येक नग डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून बघा. वाकडा, पिळलेला, मोठ्या गाठीचा बाजूला काढा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

दोन बाय तीन मागितलं आणि रंधा मारून घेतलं तर हातात पावणेतीन इंच येतं. घरी आणल्यावर मोजा, पुढच्या कापणीत त्याने फरक पडतो.

सांधे जोडायला बारा एमएमचं एक प्लाय लागेल, आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे मरीन. साधं प्लाय पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सोडतं. स्क्रू, कडी-कोयंडा, बिजागऱ्या, फास्टनर हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत होतं. दुचाकी लांब लावा आणि चालत जा.

कैची: सगळं छप्पर एका काठीत

आता मुख्य काम. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा.

तयार जोत्यावर खडूने पूर्ण आकाराचं चित्र काढायचं. सहा फुटांच्या कडेच्या मध्यावर एकाला दोरीचं टोक दाबून धरायला सांगा, दोरी तीन फुटांवर धरून अर्धवर्तुळ काढा. मध्यापासून सरळ तीन फूट वर आढ्याचा बिंदू. मध्यापासून साडेपंचवीस इंच बाजूला आणि तिथून साडेपंचवीस इंच वर गेलात की तो बिंदू बरोबर वर्तुळावर येतो, तो मोडीचा. दुसऱ्या बाजूला तसाच. अर्धवर्तुळाची दोन टोकं, दोन मोडी आणि आढं हे पाच बिंदू सरळ रेषांनी जोडा. अर्धा अष्टकोन तयार झाला, हेच तुमचं छप्पर.

गंमत अशी की चारही रेषा सारख्याच लांबीच्या येतात, साडेसत्तावीस इंच. सांध्याचे कोनही सारखे: मोडीपाशी १३५ अंश, आढ्यापाशी १३५ अंश. म्हणून प्रत्येक वाशाचं प्रत्येक टोक एकाच कोनात, काटकोनापासून साडेबावीस अंश कलतं, कापायचं. खाली भिंतीवर टेकणारं टोकसुद्धा त्याच कोनात येतं. वेगवेगळी मापं नाहीत, डावं-उजवं नाही. एक वासा नीट जमला की सगळे जमले.

कोनमापक नसला तरी अडत नाही. वासा तीन इंच रुंद असेल तर बाहेरच्या कडेवर टोकाची खूण करा, आतल्या कडेवर त्याच खुणेपासून सव्वा इंच आत दुसरी खूण करा आणि दोन्ही जोडून कापा. रुंदी पावणेतीन भरली तर सव्वाऐवजी एक इंच एक सूत. साडेसत्तावीस इंच हे माप बाहेरच्या लांब कडेचं आहे. आतली कड तीन इंची वाशात पंचवीस इंच भरते.

आणि आता माझी फजिती. मी पहिले आठ वासे झपाट्याने कापले, दोन्ही टोकांना कोन बरोबर साडेबावीस. फक्त दोन्ही काप एकाच दिशेला कललेले. जोत्यावर मांडायला गेलो तर काही केल्या वळण बसेना. शेजारच्या घरी कपाटाचं काम करणारे सुतारकाका कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "साहेब, छप्पर करताय की जिना?" मग लक्षात आलं. वाशाची दोन्ही टोकं एकमेकांकडे झुकलेली हवीत, बाजूने पाहिलं तर होडीसारखी: वरची कड लांब, खालची आखूड. माझे वासे सरकलेल्या पत्त्यांच्या गड्डीसारखे झाले होते. ते आठ नग पुढे कुंड्यांच्या स्टँडमध्ये गेले. तुम्ही आधी चारच कापा, चित्रावर मांडा, सांध्यात पोस्टकार्डापेक्षा जास्त फट नाही ना ते बघा आणि मगच पुढे जा.

आठ फूट लांबीला दोन-दोन फुटांवर पाच कैच्या, म्हणजे वीस वासे. दहा फुटी नगात चार वासे निघतात, तेव्हा पाच नग आणा. सहावा घ्या, वर सांगितलंच आहे कशासाठी. प्रत्येक कैचीला खाली सहा फुटांचं आडवं लाकूड. ते नसेल तर छपराच्या वजनाने भिंती बाहेर ढकलल्या जातात.

नुसत्या खिळ्यांनी जोडलेली चार काड्यांची कमान घडीच्या खुर्चीसारखी मिटते. तिला ताठ ठेवते ती सांध्यावरची प्लायची पट्टी, जिला फॅब्रिकेशनवाले गसेट म्हणतात. फूटभर लांब, सहा इंच रुंद तुकडे कापा. एका कैचीला पाच सांधे: आढं, दोन मोडी, दोन पाय. पट्टीचा छपराबाहेर डोकावणारा कोपरा कापून टाका, नाहीतर रिपा बसणार नाहीत. मधल्या तीन कैच्यांना दोन्ही अंगांनी पट्ट्या, टोकाच्या दोन कैच्यांना फक्त आतून, म्हणजे बाहेरचा पत्रा सपाट बसेल. एकूण चाळीस तुकडे, एका प्लायमध्ये आरामात निघतात. पाणी सहन करणारा फेविकॉल लावून प्रत्येक वाशात चार असे दीड इंची स्क्रू. आधी बारीक ड्रिल मारा, पाइन टोकाला चटकन चिरतं.

पहिली कैची चित्रावर जुळवली की तीच साचा. बाकीच्या चार तिच्यावर ठेवूनच जोडा. दरवेळी टेप काढलात तर पाच कैच्या पाच मापांच्या होतील.

भिंती

याला फार शब्द नकोत. चारही भिंती जोत्यावर आडव्या ठोकून मग उभ्या करायच्या. उंची सहा फूट, उभी लाकडं दोन-दोन फुटांवर, मध्ये आडवे तुकडे, कोपऱ्यात एक तिरपी पट्टी. लांब भिंतीतलं प्रत्येक उभं लाकूड बरोबर कैचीखाली यायला हवं. तळाच्या लाकडाखाली डांबरी कागद आणि सगळ्या लाकडाला वाळवीचं औषध, कापलेल्या टोकांना दोनदा. तळाचं लाकूड जोत्याला फास्टनरने आवळा. ओळंबा लावा, पुन्हा कर्ण मोजा.

दार सहा फुटांच्या भिंतीत, तीन फूट रुंद, बाहेर उघडणारं. रुंदी ठरवण्याआधी सायकल हँडलसकट आत ढकलून बघा, तीही तुम्ही स्वतः तिच्या शेजारी उभे राहून.

कैच्या चढवायला दोन माणसं पुरतात. प्रत्येक कैची भिंतीच्या वरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने बांधा, नुसत्या खिळ्यावर विसंबू नका. वारा छप्पर खाली दाबत नाही, वर उचलतो. भारतीय मानकात पुण्यासाठी धरलेला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. रोज तसा वारा नसतो, पण एकदा आला तरी पुरे. पहिली कैची तात्पुरत्या टेकूने उभी धरा, शेवटची चढवा, दोघींच्या आढ्यावर दोरी ताणा आणि मधल्या तिन्ही त्या दोरीला लावा.

पत्रा, आणि मोडीवरचं पाणी

कैच्यांवर आडव्या रिपा: प्रत्येक उताराला वर एक, खाली एक, म्हणजे आठ. लांबी नऊ फूट, दोन्ही टोकांना सहा-सहा इंच बाहेर.

पत्रा रंगीत घ्या, अर्धा एमएम जाडीचा. दुकानातच लांबी कापून मागा. खालच्या ओळीला बत्तीस इंच, वरच्या ओळीला एकतीस. हातमोजे घाला, पत्र्याची कड ब्लेडसारखी असते आणि जखम झाल्यावरच कळते.

कौलांचा नियम इथेही तोच: वरचं खालच्यावर. आधी खालच्या उभ्या ओळी, मग वरच्या. वरचा पत्रा मोडीपुढे तीन इंच जाऊ द्या. पण तेवढ्याने भागत नाही. खालचा पत्रा मोडीपासून एकदम खाली वळतो, म्हणून वरच्या पत्र्याखाली फट राहते आणि तिरप्या पावसाला तेवढी पुरते. या छपराचं सगळं गळकं नशीब त्या फटीत आहे. उपाय म्हणजे फूटभर रुंद सपाट पत्र्याची पट्टी मधोमध वाकवून मोडीवर बसवायची: वरचा अर्धा भाग वरच्या पत्र्याखाली, खालचा अर्धा खालच्या पत्र्यावर. आढ्यालाही तशीच पट्टी, फक्त दोन्हीकडून वर. तिन्ही ठिकाणी कोन तोच १३५, त्यामुळे पत्रा वाकवून देणाऱ्याला सांगायचं, "नऊ फुटी तीन नग, एकाच कोनात." कोन समजवायला कापलेले दोन वासे जोडून सोबत न्या, आकड्यापेक्षा ते लवकर कळतं.

पत्रे पूर्वेच्या टोकाकडून लावायला घ्या. मग एकावर एक येणाऱ्या कडांची तोंडं वाऱ्याच्या उलट बाजूला राहतात. स्क्रू रबरी वॉशरचे, आणि पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. वॉशर किंचित फुगेल इतकंच आवळा. चपटा होऊन बाहेर आला तर जास्त झालं.

या आकाराची एक उणीव मान्य करायला हवी: वळचण जवळजवळ नसते. खालचा उतार इतका उभा की चार इंच बाहेर काढलेला पत्राही भिंतीपासून दीड इंचच पुढे येतो. म्हणून पन्हाळ लावाच, अर्ध्या पीव्हीसी पाइपाची चालेल. ती पिंपात सोडली तर दहा मिलिमीटर पावसात सुमारे बावन्न लिटर पाणी जमतं. झाकण आणि जाळी हवी, डास आधी पोचतात.

आतलं

मागच्या अर्ध्या भागात आडव्या लाकडांवर प्लाय टाकून माळा करा. तिथे हलकंच सामान: आकाशकंदील, मखर, रिकामे डबे. फरश्या आणि मातीची पोती खाली. दोन्ही तिकोन्यांत वर झरोका ठेवा आणि बारीक जाळी मारा, नाहीतर पारवे आठवडाभरात घर थाटतील. मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी होते, म्हणून पेट्रोल, थिनर, गॅसची टाकी यांपैकी काहीही आत ठेवू नका.

पहिला वळीव आला की छत्री घेऊन आत जाऊन बसा. टॉर्च मोडीच्या रिपांवर फिरवा, आधी पश्चिमेकडच्या टोकाला. लाकडावर ओला डाग दिसला तर त्याच्या दोन्ही बाजूंना खडूने खूण करा. पाणी थेंब पडतो तिथून आत येत नाही, बहुतेकदा हातभर वरच्या एखाद्या स्क्रूपाशी शिरतं आणि रिपेवरून ओघळत येतं. आमच्याकडे तसे दोन निघाले. एक मी चुकून खोलगट भागात मारला होता, दुसऱ्याचा वॉशर चिरडला होता. पत्रा वाळल्यावर दोन्ही काढले, भोकं सिलिकॉनने बुजवली आणि दोन इंच बाजूला, उंचवट्यावर नवे मारले.